बेटावरून गेलेला ‘प’

उन्हाळ्यात आमच्या गावच्या तलावाचं पाणी उतरलं की मधे मधे गाळाचे उंचवटे उघडे पडायचे. मोठ्या माणसांच्या लेखी ते शेतात टाकायचं खत होतं. ताईच्या आणि माझ्या लेखी ती बेटं होती. ताई माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, आणि हा सगळा उद्योग तिचाच. एवढ्या वाढलेल्या मुलीनं चिखलात बसून बेटं खेळणं शोभलं नसतं, म्हणून ती धुण्याची बादली घेऊन निघायची आणि मी साबणाची वडी घेऊन तिच्यामागे. इतका वेळ धुऊनही आमच्या घरचे कपडे शेजाऱ्यांपेक्षा उजळ का दिसत नाहीत, हे कोडं मोठ्या आईला कधी सुटलं नाही. मोठी आई म्हणजे ताईची आई, माझी थोरली काकू. आमचं घर एकत्र होतं आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा.

दुसऱ्या एखादीनं असल्या बेटांवर भातुकली मांडली असती. ताईनं प्रत्येक बेटाला भाषा दिली. आधी मोठ्या बेटाची मूळ भाषा: पाण्याला ‘पोमा’, होडीला ‘तिपरी’, सारस पक्ष्याला ‘लापुन’, झोपेला ‘सुनसा’. हे शब्द तिनं धुणं आपटता आपटता केले, त्यामुळे त्यांना एक ठोका होता. मला वाटलं, झालं, आता ही भाषा बोलायची. पण ताईला भाषा बोलण्यात रस नव्हता, बिघडवण्यात होता.

“शब्द पान्यावरून पलीकडे गेला ना वं लहानी, का तो तसाच नाही राहात,” ती म्हणायची. “नासते?” मी विचारायची. “नासत नाही. बदलते. आनि काहून बदलला ते आपल्याले सांगता आलं पायजे.”

या ‘काहून’पायी तिनं माझा फार छळ केला. पहिला कायदा माझ्याच तोंडावर झाला. त्या साली माझे पुढचे दात पडले होते आणि मला ‘स’ म्हणता येत नव्हता. मी शिंदीच्या झाडाकडच्या बेटाची राणी होते. ताईनं जाहीर केलं की राणी जशी बोलते तशी प्रजा बोलते, सबब शिंदीच्या बेटावर ‘स’चा ‘थ’ झाला. ‘सुनसा’चं ‘थुनथा’ झालं. मला ते आवडलंसुद्धा, सगळी प्रजा आपल्यासारखी बोलते म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही. पण पुढे दात आले. मी मोठ्या डौलात ‘सुनसा’ म्हणाले, तर ताईनं मान हलवली. म्हणे, गेलेला आवाज परत येत नाही, लोकांना सवय होऊन गेली. तोंडभर दात असून मला पुढचे सगळे उन्हाळे बोबडं बोलावं लागलं. मी रडले, पाय आपटले, एकदा चिखल फेकला. कायदा काही हलला नाही.

मग सर्दीचं बेट झालं. ते पाणवनस्पतींच्या दलदलीत होतं, तिथे माणसं बारा महिने चोंदलेली, म्हणून तिथे ‘पोमा’चा ‘पोबा’ आणि ‘लापुन’चा ‘लापुद’. ताई हे नाक दाबून मला पाठ करून घ्यायची. मग वाऱ्याचं बेट, अगदी टोकाला, तिथे एकमेकांना हाका मारून मारून शब्दांची शेपटं उडून गेली आणि माणसांजवळ नुसते ‘पो’ आणि ‘ला’ उरले. आमचे गुरुजी नागपूरकडचे होते. त्यांनी पोरांना ‘शाळा’ आणि ‘डोळा’ म्हणायला शिकवण्यात उमर घालवली आणि पोरं ‘शारा’ आणि ‘डोरा’ म्हणत मोठी झाली. ताई म्हणायची, गुरुजी नदी ओलांडून आले आहेत, त्यांना वाटतं आपण चुकतो, आणि आपल्याला वाटतं ते. हे मी एकदा वर्गात बोलून दाखवलं आणि अंगठे धरले.

आता मोठ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण शेवटचा आणि सगळ्यांत मोठा कायदा तिच्यावरून आला.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज आमच्याकडे सगळ्याच बायका पाळत. मोठी आई मात्र त्यातली पहिलवान होती. बाकीच्या बायका नाव टाळत, ही अक्षर टाळायची. मोठ्या बाबूजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव ‘ग’वरून होतं. झालं, लग्नाच्या दिवसापासून मोठ्या आईच्या तोंडून ‘ग’ निघाला नव्हता. गूळ तिच्या घरी ‘मिठ्ठा’ होता, गाय ‘तांबडी’, बैलगाडी ‘खाचर’. गणपती ‘सोंडेवाले देव’. गोंदियाला जायचं झालं तर ती ‘भंडाऱ्याच्या पुढच्या मोठ्या टेसनाले’ जायची. धानाच्या गिरणीला ती ‘मिल’ म्हणायची, म्हणजे गावात इंग्रजी बोलणारी पहिली बाई ती. आणि कोणी माणूस तिच्या बोलण्यात कधी ‘गेला’ नाही, तो ‘निंघाला’ किंवा ‘चालला’. मेलेले लोकसुद्धा तिच्या हिशेबानं अजून चाललेच होते. हे ती इतक्या सफाईनं करायची की घरातल्या आम्हा मुलांना ‘ग’ गहाळ आहे हे कळायलाच कित्येक वर्षं लागली.

ताईला कळलं आणि तिला बेटावरचा खजिनाच सापडला. एका नव्या बेटाचा राजा ‘प’ अक्षराचा, असं तिनं ठरवलं. त्याची राणी ‘प’ म्हणणार नाही, ती नुसती फुंकर घालेल, ‘पोमा’चा ‘फोमा’ करील. तिच्या मुलीला वाटेल, हेही जरा जास्तच जवळचं झालं. ती ‘होमा’ म्हणेल. नातीला तर ठाऊकच नसेल की पुढे काही होतं. ती ‘ओमा’ म्हणेल आणि वर म्हणेल, आमच्याकडे पहिल्यापासून असंच म्हणतात. ताईनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आमच्या तांबडीला वासरू झालं तेव्हा मोठ्या आईचा झाला होता तसा दिसत होता.

हे सांगून ती थांबली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण ती मॅट्रिकच्या निकालाची वाट पाहात बसलेली होती, हाताला काम नव्हतं, आणि डोक्याला तर कधीच विसावा नव्हता. तिनं ठरवलं की कायदा खरा चालतो का ते स्वतः करून पाहायचं. काही दिवस घरात ‘प’ उच्चारायचाच नाही.

मी तिला ‘ढ’ सुचवला होता. ‘ढ’ सोडायला काय लागतं. ती म्हणाली, “ढ सोडून काय सुटते? ढेकून आनि ढोल. ‘प’च पायजे.” तिचा हा शेवटचा ‘प’. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या बोलण्यात पाणी नाही, पीठ नाही, परात नाही, पदर नाही, पाय नाही, पोट नाही. मी मजेत होते. तिला पेचात पकडायला मी हातात पुस्तक धरून ‘हे काय आहे’ विचारायची आणि ती ‘वाचाची वस्तू’ म्हणायची.

इकडे त्या निकालावर काय काय अवलंबून होतं तेही सांगते. पास झाली तर ताई भंडाऱ्याला जाणार होती, मामाकडे राहून कॉलेजात शिकायला. आमच्या घरातली मुलगी तोवर शिकायला बाहेर गेली नव्हती. मोठे बाबूजी महिनोन्महिने ‘पाहू’ म्हणत होते, मामानं दोनदा येऊन गळ घातली, तेव्हा कुठे त्यांनी ‘पास झाली तं जाऊ दे’ म्हटलं होतं. त्यांच्या ‘जाऊ दे’ला कधी पाय फुटतील याचा नेम नसे. ताई मात्र रोज झोपताना मला भंडाऱ्याचं कॉलेज सांगायची. तिनं ते एकदा यष्टीच्या खिडकीतून ओझरतं पाहिलं होतं, तेवढ्यावर. तिला दुसरं काहीही नको होतं.

‘प’ सोडल्याला एक दिवसही पुरता झाला नव्हता आणि मोठ्या आईला पत्ता लागला. दुसऱ्या कोणाला लागला नसता. माझ्या आईला लागला नाही, आणि मोठ्या बाबूजींना तर घरातली म्हैस बदलली असती तरी कळलं नसतं. पण मोठ्या आईनं ती विद्या वीस वर्षं केलेली. ताईनं जेवताना पाणी मागायचं सोडून “तहान लागली” म्हटलं, तेव्हा मोठ्या आईचा हात थबकला. मग तिनं सापळे लावायला सुरुवात केली.

“बाई, ते पीठ मळाचं भांडं आन.” ताईनं परात आणली. “याले काय म्हनते?” “ताट.” “ताट?” “मोठं ताट.” संध्याकाळी मोठ्या आईनं ताईच्या पायावरच्या खरचटलेल्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, कुठं मार बसला. ताई म्हणाली, “टाचेच्या वर.” मोठ्या आईचं समाधान झालं. म्हणजे झोप उडाली.

दिवेलागणीला तिनं मोठ्या बाबूजींना ओसरीवर गाठलं. मी खांबाआड होते.

“तुमच्या पोरीले उजवून टाका जी.”

“काहून, का झालं?”

“तिनं मनात कोनी तरी धरला. नाव ‘प’वरून आहे.”

“कोनाचं नाव?”

“ते तुमी पाहा. मी अक्षर आनून देल्लं, आता मानूस तुमी आना.”

यात कोणाला हसू आलं नाही. आमच्या गावात एखादी मुलगी एकाएकी एक अक्षर टाळू लागली तर त्याचा दुसरा अर्थच होत नव्हता. मोठ्या बाबूजींनी लगेच गणित मांडलं: मुलीनं मन दिलेलं असेल तर भंडाऱ्याचा खर्च कशाला, आणि दूरगावी पाठवून रात्रंदिवस घोर कशाला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आत चांगला दिवस पाहून उरकून टाकावं. मुलगा बरा असेल तर त्याच्याशी, नसेल तर दुसऱ्या कोणाशी. मी धावत जाऊन ताईला सांगितलं.

ताई भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, खरं सांगून टाक. ती म्हणाली, “खरं का सांगू? कोनी आवडते म्हटलं तं लगन लावतीन. तलावात बेटं केली, बेटावर राजे केले, त्यांच्या बायका एक अक्षर म्हनत नाहीत म्हटलं, तं येडी म्हनतीन. येडीले कोनी कॉलेजात धाडते?”

हे ऐकून मीच पुढे व्हायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोठी आई चिंच फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळी बेटं सांगितली. दात, सर्दी, वारा, मग राणी, तिची मुलगी, तिची नात. उदाहरणांसकट. ‘पोमा, फोमा, होमा, ओमा’ हे मी चालीवर म्हणून दाखवलं. मोठ्या आईनं मन लावून ऐकलं. एकदा तर तिनं विचारलंही, की ती राणी सासऱ्याचं नाव घेते का, नसेल तर सासऱ्याचं अक्षर कुठे ठेवलं. सासऱ्यांचा आम्ही विचारच केला नव्हता.

मग ती आतल्या खोलीकडे तोंड करून माझ्या आईला म्हणाली, “पाहा वं, हिलेबी शिकवून ठेवलं तिनं. किती लंबं झूट आहे, आनि पोरीनं सारं तोंडपाठ केलं.” तिनं खुशीनं मला चिंचेचं एक मोठं बोटूक दिलं. मी ते चोखत बाहेर आले. जगातली सगळी बेटं त्या दिवशी बुडाली असती तरी चाललं असतं.

शेवटी तोड मोठ्या आईनंच काढली. ती तोड फक्त आमच्याकडच्याच बाईला सुचली असती. जी नवऱ्याचं नाव घेणार नाही, तिला नाव घ्यायला लावायचं. मनात ज्याला नवरा मानला असेल त्याच्या नावापाशी जीभ अडेल, आणि अडली की झालं. नाही अडली तर मनात कोणी नाही. मोठे बाबूजी म्हणाले, “अन् नाहीच अडली तं?” मोठी आई म्हणाली, “नाही अडली तं पोर भंडाऱ्याले जाईन. ठरलं होतं तसं.” हे तिनं माझ्यासमोर म्हटलं, म्हणून मला पक्कं आठवतं.

अंगणात मोहाच्या सावलीला बसणं झालं. मोठी आई चिंच घेऊन, माझी आई तिच्या बाजूला, मोठे बाबूजी खाटेवर. ताई मधोमध, मांडी घालून. मोठी आई माणूस सांगणार आणि ताई त्याचं नाव घेणार.

“कपडे शिवते तो.”

ताईनं नाव घेतलं.

“पोस्टाची थैली आनते तो. सायकलवाला.”

तेही घेतलं. मी इथे नावं लिहीत नाही. त्यांतले बरेच हयात आहेत आणि एक तर पुढे सरपंच झाला, त्याला कळलं तर उगीच छाती फुगेल. मोठ्या आईनं गाव विंचरून काढलं होतं. बिनलग्नाचा ‘प’ असा एकही सुटला नाही. दंडारीच्या नाटकात बायकांची सोंगं करणारा झाला, गुरुजींचा पुतण्या झाला, नुकती मिसरूड फुटलेली पोरंही झाली. मधेच ‘लुळा आहे तो, कोपऱ्यावरचा’ असंही आलं, म्हणजे मोठी आई किती निःपक्षपाती होती पाहा. ताई प्रत्येक नाव हजेरी घेतल्यासारखं घेत होती. मला तर हसू फुटायला लागलं होतं.

“मिलवाला,” मोठी आई म्हणाली. “त्याचा लेक.”

हा गिरणीवाल्याचा मुलगा आम्हाला दोघींनाही ठाऊक होता. धान घेऊन आम्हीच जायचो. तो काट्यावर असायचा, आणि दिवसभर कोंडा उडत असल्यामुळे त्याच्या पापण्या पांढऱ्या दिसायच्या. मला तो काट्याच्या पारड्यात बसवून जोखायचा आणि किती तांदूळ भरले ते सांगायचा. त्यामुळे मी त्याला आपला माणूस समजत होते.

ताईनं त्याचंही नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत.

चिंच फोडणारा मोठ्या आईचा हात थांबला. तिनं ताईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “पानी आन बाई, माले प्याले.” ताई उठली. “आनतो. पानी आनतो,” म्हणाली, आणि पाण्याचा लोटा भरून घेऊन आली. मोठे बाबूजी खाटेवरून उठून बैलांकडे गेले, कारण त्यांच्या हिशेबी काम संपलं होतं. पुढे मॅट्रिकचा निकाल लागला, ताई पास झाली, आणि ऐन पावसात एका सकाळी वळकटी घेऊन यष्टीत बसली. मी खिडकीखालून धावले आणि ‘पोमा’ म्हणून ओरडले, कारण पाऊस पडत होता. तिनं दोन्ही हात हलवले. त्यानंतर तलावात बेटं उघडी पडत राहिली, पण त्यांच्यावर कोणी काही बोलत नव्हतं. एकटीनं बेटं खेळून पाहिली मी, पण भाषेला दुसरं माणूस लागतं. पुढच्या उन्हाळ्यात मी ताईवर फार रागावले होते, आणि तिची आठवण येऊन रडलेही होते, हे तिला मी कधी कळू दिलं नाही.

ताई शिकली, शिक्षिका झाली, भंडाऱ्यातच राहिली. तिचं लग्नही तिथल्याच एका कचेरीतल्या माणसाशी झालं. भाऊजी स्वभावानं गरीब, आणि त्यांचं नाव भलत्याच अक्षरावरून. ताई त्यांना नावानं हाक मारते. साधीसुधी नाही, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी. एकदा मोठी आई तिच्याकडे राहायला आली असताना ताईनं गच्चीवरून खाली रस्त्यावरच्या भाऊजींना दणदणीत हाक मारली, भाजी आणायची आठवण करायला. मोठ्या आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दिवसभर जावयाच्या समोर आली नाही, तिलाच लाज वाटत होती. भाऊजींना गंमत वाटायची. ते म्हणायचे, आमच्या आईनं आमच्या वडिलांना जन्मभर ‘ऐकलं का जी’ म्हटलं, मला निदान माझं नाव ऐकायला मिळतं.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. माझं लग्न ठरलं होतं आणि भांडी घ्यायला मी भंडाऱ्याला आले होते. ताई मला पितळेच्या दुकानांत घेऊन गेली. दुकानदारांशी ती अशी घासाघीस करायची की मला शरमेनं बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटे. एका दुकानात परात पसंत केली. दाराशी नाव कोरणारा म्हातारा बसलेला होता, हातात छिन्नी आणि हातोडी. भांडं घेतलं की तो तिथल्या तिथे नाव घालून द्यायचा. परात त्याच्यापुढे ठेवली आणि आम्ही थांबलो.

तेवढ्यात आतून एक जण घागर घेऊन आला. अंगानं सुटलेला, सफारी घातलेला. त्यानं ताईकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला. “का जी मास्तरीन बाई. वरखलं नाही का?” गिरणीवाल्याचा मुलगा. आता गिरणी त्याचीच होती, आणखी एक टाकली होती. पापण्या काळ्या झाल्या होत्या. त्यानं माझी चौकशी केली, लग्न ठरलं ऐकून खूश झाला, पोराबाळांची हकिकत सांगितली. मग त्याला यष्टीची आठवण झाली. घागर म्हाताऱ्यापुढे टेकवून, “नाव घालून ठेवा बाबा, तिकीट काढून आलोच,” म्हणत तो स्टँडकडे पळाला.

तो गेला आणि ताई हसायला लागली. “जोखत होता ना तुले काट्यावर?”

“हो. तुझ्या परीक्षेत शेवटी त्याचंच नाव आलं होतं.”

“बरोबरच आलं होतं,” ताई म्हणाली. “आईचं कधी चुकते का.”

ती शेजारी मांडलेल्या दुसऱ्या एका परातीवरून बोटं फिरवत सगळं सांगत होती, धान्याचा भाव सांगावा तशी. तिला तो आवडत होता. त्यालाही ती आवडत होती. कोणी काही बोललेलं नव्हतं, बोलायला सवडही नव्हती, बरोबर मी असायचे. म्हणून तर ‘प’.

“मग त्या दिवशी अडली असतीस तर...”

“तं महिन्याभरात लगन लागलं असतं. जात एक, घर चांगलं. बाबूजी हसतमुखानं उठले असते.” तिनं पुढची परात ओढली. “आनि मी मिलमध्ये बसली असती कोंडा चाळत. मले भंडाऱ्याले याचं होतं वं. तेव्हा दोन्ही पाहाले वेळ नव्हता. एकाचं नाव घेतलं, झालं.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. पानी आनाले आत गेली तं रांजनापाशी थोडी उभी राहिली.” मग ती पुन्हा हसली. “आता काय त्याचं? त्याले चार पोरं, मले दोन. पोट पाहिलं का तू त्याचं? जुनं झालं ते सारं. आठवते कोनाले.”

म्हाताऱ्यानं माझी परात पुरी केली, फुंकर मारून कचरा उडवला आणि बाजूला ठेवली. मग त्यानं ती घागर मांडीत घेतली, काठावर अंगठा फिरवून जागा पाहिली, आणि दाराबाहेर डोकावला. तो माणूस काही परत येताना दिसत नव्हता. म्हातारा ताईकडे वळला.

“तुमच्या वळखीचे दिसले. नाव काय जी त्यायचं?”

ताईनं तोंड उघडलं. म्हातारा छिन्नी टेकवून वाट पाहात होता. तिनं पदर सारखा केला, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“तू सांग वं लहानी,” ती म्हणाली.

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं एकेक अक्षर ठोकायला घेतलं, आणि ते संपेपर्यंत ताई तिथून हलली नाही.